अँटिगनी चुडाव्यात करायची तर

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी इथल्या तरुण नाट्यगटापुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



तुम्ही तुमच्या नाटकाचा मसुदा मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "भाई, बघून सांगा." मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नाटकाचं शिक्षण घेतलेलं नाही. नाटकं बघतो, वाचतो, आणि चुडावा माझं आजोळ आहे, एवढीच माझी पात्रता. मसुदा मी दोनदा वाचला. त्यातली भाषा मला फार आवडली. घरात दखनी, रस्त्यावर मराठी, पोलीस आला की एकदम पुस्तकी मराठी, हे आपण रोज करतो आणि नाटकात कुणी करत नाही. पण एका गोष्टीवर माझं तुमच्याशी भांडण आहे. तुम्ही मेलेल्या भावाला निर्दोष करून टाकलंय. आज मी मुख्यतः त्यावरच बोलणार आहे.

आधी गोष्ट, कारण मागं बसलेल्या काही जणांनी ती ऐकलेली नसेल.

इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमाराला ग्रीसमधल्या अथेन्स शहरात सोफोक्लीज नावाच्या नाटककारानं हे नाटक लिहिलं. थीब्ज नावाचं शहर. ओयदिपौस राजा गेला, त्याचे दोन मुलगे गादीवरून भांडले. एटिओक्लीज शहरात राहिला. दुसरा, पॉलिनायसीज, बाहेर गेला, परक्यांची फौज गोळा केली आणि स्वतःच्याच गावावर चालून आला. वेशीवर दोघं भाऊ समोरासमोर आले आणि दोघांनी एकमेकांना मारलं. आता गादीवर बसला क्रेऑन, म्हणजे त्या मुलांचा मामा. त्यानं हुकूम काढला की एटिओक्लीजला मानानं मूठमाती द्यायची आणि पॉलिनायसीज गद्दार आहे, त्याचं प्रेत उघड्यावर पडू द्यायचं. कुत्री खातील, गिधाडं खातील. जो हात लावेल त्याला मौत.

या भावांच्या दोन बहिणी होत्या, इस्मिनी आणि अँटिगनी. इस्मिनी म्हणते, आपण बायका, सरकारशी कशा लढणार? अँटिगनी एकटी जाते आणि भावाच्या अंगावर मूठभर कोरडी माती टाकते. पहारेकरी माती झटकून टाकतात. ती पुन्हा जाते, पकडली जाते, आणि मामासमोर कबूल करते. तिचं लग्न ठरलंय क्रेऑनच्या मुलाशी, हीमॉनशी. म्हणजे मामाच्या पोराशी. युरोपातल्या मुलांना हे नातं समजावून सांगावं लागत असेल. परभणी जिल्ह्यात हिंदूला नको सांगायला आणि मुसलमानाला तर नकोच नको. हीमॉन बापाला समजावतो की लोक दबक्या आवाजात तिच्या बाजूनं बोलतायत. बाप ऐकत नाही. तिला जिवंतपणी एका गुहेत बंद करतो. पुढं काय होतं ते शेवटी सांगतो, कारण तिथं एक अडचण आहे.

तुमच्यातल्या एकाच्या वडिलांनी विचारलं म्हणे, "हे ग्रीक कशाला? आपलं काही नाही का?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याला टाळू नका. माझं उत्तर असं.

मय्यतीला गेलेला प्रत्येक जण कबरीवर तीन मुठी माती टाकतो. आपण त्याला मिट्टी देणं म्हणतो. ज्यानं लहानपणी एकदा तरी अब्बांचं बोट धरून मिट्टी दिलीय, त्याला अँटिगनीनं काय केलं ते समजायला अभ्यासाची गरज नाही. दफन हे फर्ज-ए-किफाया आहे. म्हणजे वस्तीतल्या काही जणांनी केलं तर सगळ्यांची जबाबदारी सुटते आणि कुणीच केलं नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. थीब्जमध्ये नेमकं हेच झालंय. कुणीच केलं नाही म्हणून एक मुलगी उठली. आणि जगातला पहिला दफनविधी आपण कसा ऐकलाय? आदमच्या एका मुलानं दुसऱ्याला मारलं, प्रेताचं काय करायचं ते त्याला कळेना, तेव्हा अल्लाहनं एक कावळा पाठवला आणि त्यानं जमीन उकरून दाखवली. भावानं भावाला मारणं आणि मग मातीचा प्रश्न, या दोन गोष्टी आपल्याकडं पहिल्यापासून जोडलेल्या आहेत. त्या वडिलांना हे सांगा. मला वाटतं ते तालमीला येऊन बसतील.

दुसरी शंका असते की नाटक ही गोष्टच आपल्यात नाही. याचा इतिहास गमतीदार आहे. बगदादमध्ये अब्बासींच्या काळात ग्रीकांचं गणित, वैद्यक, तत्त्वज्ञान ढिगानं अरबीत आलं. ॲरिस्टॉटलचं नाटकावरचं पुस्तकसुद्धा आलं, दहाव्या शतकात अबू बिश्र मत्तानं त्याचं भाषांतर केलं. पण नाटकं आली नाहीत. त्यामुळं बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्दसारखा प्रचंड बुद्धीचा माणूस त्या पुस्तकावर भाष्य लिहायला बसला आणि अडला. शोकांतिका म्हणजे काय, सुखांतिका म्हणजे काय, हे रंगमंचावर कधी बघितलेलंच नाही. त्यानं अरबी कवितेतले दोन प्रकार घेतले आणि म्हटलं, एक म्हणजे स्तुती, दुसरं म्हणजे निंदा. आमच्या धंद्यात असं होतं. मॅन्युअल हातात येतं, मशीन कधीच येत नाही. पुढं १९४९ साली इजिप्तचा तौफीक अल-हकीम यानं अरबीत स्वतःचा ओयदिपौस लिहिला, आणि प्रस्तावनेत हाच प्रश्न घेतला की आपल्या लोकांनी नाटकं का आणली नाहीत.

ही झाली लांबची गोष्ट. जवळची पुण्याची आहे. इब्राहिम अल्काझी हे नाव तुम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयामुळं ऐकलं असेल. १९६२ ते १९७७ ते तिथं संचालक होते, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्या हाताखाली शिकले. पण हा माणूस जन्मला पुण्यात, १८ ऑक्टोबर १९२५ला. वडील सौदी अरबस्तानातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी, शाळा सेंट व्हिन्सेंट. फाळणीनंतर घरचे देश सोडून गेले आणि हा मुलगा इथंच राहिला. लंडनला नाटक शिकून आला आणि १९५४ साली मुंबईत थिएटर युनिट नावाची छोटी संस्था काढली. नाट्यगृह परवडण्यासारखं नव्हतं. मग कंबाला हिलवर राहत होते त्या इमारतीच्या गच्चीवर प्रयोग सुरू केले, दीडशेच्या आसपास लोक बसतील एवढी जागा, नाव ठेवलं मेघदूत. प्रेक्षकांनी जिने चढून वर जायचं आणि उघड्या आभाळाखाली बसून ओयदिपौस, मिडिया, अँटिगनी बघायची. कपडेपट त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी सांभाळायच्या. पैसे कमी होते, तालमी मात्र काटेकोर.

तुम्ही म्हणाल, ती इंग्रजी नाटकं, आपला काय संबंध? संबंध असा की विजया मेहता अल्काझींकडं शिकल्या आणि १९६० साली तेंडुलकर, लागू, अरविंद देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी रंगायन उभी केली. अल्काझी दिल्लीला गेल्यावर थिएटर युनिट सत्यदेव दुबेंनी हातात घेतलं. मराठी प्रायोगिक नाटकाची एक वाट पुण्यातल्या एका अरब व्यापाऱ्याच्या घरातून जाते. हे मराठी नाटकाच्या इतिहासात लिहिलेलं आहे, आपल्या घरांत कुणी सांगत नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणला, आणि त्यांची 'ती फुलराणी' बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून, म्हणजे मुळात एका ग्रीक दंतकथेवरूनच आली. ग्रीक गोष्ट मराठीत येऊन बसायला काही अडचण नाही. बसलेली आहे.

आता माझं भांडण.

तुमच्या मसुद्यात भाऊ म्हणजे एक गरीब, हुशार मुलगा. त्याला चुकीनं पकडतात, तो कोठडीत मरतो, आणि प्रेत घरच्यांना देत नाहीत. बहीण लढते. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, मान्य. अशी प्रकरणं खरी असतात, तेही मान्य. पण या नाटकात अँटिगनीची गरजच उरत नाही. तिथं वकील पाहिजे. भाऊ निर्दोष असेल तर प्रश्न एवढाच राहतो की सत्य बाहेर येईल की नाही. सोफोक्लीजचा पॉलिनायसीज निर्दोष नव्हता. तो खरोखर परकी फौज घेऊन स्वतःच्या शहरावर आला होता, जिंकला असता तर घरं जळली असती. अँटिगनी एकदाही म्हणत नाही की त्यानं काही केलं नाही. ती म्हणते, तो माझा भाऊ आहे आणि तो मेलाय. बस. मातीवर हक्क सांगायला निर्दोष असावं लागतं का, हा नाटकातला प्रश्न आहे, आणि तुम्ही तो पहिल्याच पानावर काढून टाकलात.

का काढलात तेही मला कळतं. मुसलमान मुलांच्या नाटकात दोषी भाऊ दाखवला, बहीण त्याच्यासाठी रडली, कुणी तीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि सोडून दिला, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी काय होईल याचा विचार तुम्ही केलाय. मी असतो तर मीही केला असता. या भीतीवर मी शेवटाकडं येतो. आधी एक खरी घटना, आपल्याच राज्यातली.

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं मारली गेली. सीएसटी स्टेशनवर गोळ्या लागलेल्यांत मुसलमान प्रवासीसुद्धा होते. हल्लेखोरांपैकी नऊ जण मारले गेले, एक पकडला गेला. नऊ प्रेतं जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात. मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान जो ट्रस्ट चालवतो, त्यानं जाहीर केलं की यांना आम्ही जागा देणार नाही. ज्यांनी निरपराधांना मारलं ते इस्लामचं नाव लावू शकत नाहीत. इतर मुस्लिम संघटनांनी पाठिंबा दिला. त्या वर्षी बकरी ईदला कित्येकांनी दंडाला काळी फीत बांधून नमाज पढली. जगभरच्या वर्तमानपत्रांत या निर्णयाचं कौतुक झालं. पाकिस्ताननं प्रेतं स्वीकारली नाहीत. एक वर्षाहून जास्त काळ ती बर्फात पडून राहिली. एप्रिल २०१०मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटलांनी विधिमंडळात सांगितलं की जानेवारीतच गुप्त ठिकाणी त्यांचं दफन उरकलंय.

त्या वेळी मी इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलवर, कँटीनमध्ये, सगळीकडं हीच चर्चा. तो निर्णय मला तेव्हाही समजला होता आणि आजही समजतो. एका शहराच्या जखमेवर हात ठेवण्यासाठी एका समाजाकडं तेव्हा एवढंच होतं, की आमची माती यांना मिळणार नाही. हे बोलणारे लोक नालायक नव्हते. घाबरलेलेही होते, संतापलेलेही होते, आणि शहरावर प्रेम करणारे होते.

आता हे शब्द क्रेऑनच्या तोंडी घालून बघा. जो शहरावर चालून आला त्याला शहराची माती नाही. शहर वाचलं तरच घर, नातं, दोस्ती. एकही शब्द बदलावा लागत नाही.

मी असं म्हणत नाही की ट्रस्टनं वेगळं करायला हवं होतं. मी म्हणतो की आपल्या इतिहासात क्रेऑन होण्याची वेळ आपल्यावर आली होती, आणि आपण त्या खुर्चीत बसून बघितलेलं आहे. ती खुर्ची किती जड असते हे आपल्याला ठाऊक आहे. मग नाटकात क्रेऑनला दाढी-मिशा पिळणारा सैतान का करता? तुमच्या मसुद्यातला इन्स्पेक्टर तीन वेळा हसतो. तिन्ही वेळा खोटा वाटतो.

दीनमध्ये काय आहे, असं कुणी विचारेल. मी आलिम नाही, मौलानांना विचारा. पण मला माहीत असलेली दोन उदाहरणं सांगतो. एका ज्यूचा जनाजा जात असताना रसूलुल्लाह उठून उभे राहिले आणि सोबतच्यांनी विचारल्यावर, तोही एक जीवच होता ना, अशा अर्थाचं बोलले. दुसरं अब्दुल्ला बिन उबईचं. मदिन्यातल्या मुनाफिकांचा म्होरक्या, आयुष्यभर आतून घात करत आला. तो मेला तेव्हा त्याच्या मुलाच्या विनंतीवरून रसूलुल्लाहंनी स्वतःचा कुर्ता कफनासाठी दिला आणि जनाज्याची नमाजही पढवली. हजरत उमर यांनी विरोध केला होता. त्यानंतर अशा लोकांच्या जनाज्याची नमाज पढू नये अशी आयत उतरली. म्हणजे कुर्ताही आहे आणि मनाईही आहे. तुमच्या नाटकातल्या दोन्ही बाजू याच एका प्रसंगातून बोलू शकतात. मशिदीच्या पायरीवर दोन म्हातारे यावरून भांडतायत असा प्रवेश लिहा. मला तो बघायला आवडेल.

दोषी भावावर नाटक लिहिणारे तुम्ही पहिले नाही. कराचीत जन्मलेल्या कमिला शम्सी यांनी २०१७ साली 'होम फायर' ही कादंबरी लिहिली, दुसऱ्या वर्षी तिला विमेन्स प्राइझ मिळालं. लंडनमधलं मुसलमान कुटुंब, दोन बहिणी, एक भाऊ. भाऊ सीरियात जाऊन आयसिसच्या प्रचारखात्यात काम करतो. परत यायला बघतो आणि मारला जातो. ब्रिटनचा गृहमंत्री त्याचं प्रेत देशात आणू देत नाही. हा गृहमंत्री स्वतः पाकिस्तानी मुसलमान घरातला. त्याला आयुष्यभर सिद्ध करावं लागलंय की मी तुमचाच आहे. क्रेऑन कसा लिहायचा ते तिथं बघा. त्याचा राग येतो आणि त्याची दयाही येते. आणि ती बहीण प्रेतापाशी बर्फाच्या लाद्या लावून बसते.

त्याहून जुनं उदाहरण फ्रान्सचं. फेब्रुवारी १९४४, पॅरिसमध्ये जर्मन फौजा. झाँ अनुईनं स्वतःची अँटिगनी रंगमंचावर आणली, जर्मन सेन्सॉरनं ती पास केली. पॅरिसच्या लोकांना वाटलं ही आपली मुलगी आहे. काहींना क्रेऑनचं म्हणणं पटलं. अनुईचा क्रेऑन बाह्या वर केलेला, दमलेला कारकून वाटावा असा राजा आहे. तो भाचीला वाचवायला धडपडतो. शेवटी तो तिला सांगतो की दोन्ही भाऊ सारखेच वाया गेलेले होते, आणि प्रेतं इतकी चेंदामेंदा झाली होती की त्यातलं जे बरं दिसलं ते मानानं पुरलं. कोणतं कुणाचं ते त्यालाच माहीत नाही. तुमच्यापैकी जो कुणी क्रेऑन करणार असेल त्यानं हा प्रवेश पाठ करावा. करायचा म्हणून नाही, आवाज खाली ठेवून माणूस कसा घाबरवतो ते कळावं म्हणून. अल्काझींनी गच्चीवर केली ती हीच अँटिगनी.

आणि रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा नेल्सन मंडेलांनी क्रेऑनची भूमिका केली. कैद्यानं राजा केला! मला ही निवड फार शहाणपणाची वाटते.

तुमच्यात दुसरी एक सूचना आली होती, की हे १९४८मध्ये घालू. दोन भाऊ, एक रझाकारांत गेला, एक दुसऱ्या बाजूला. आपण नांदेड आणि परभणीच्या मधे बसलोय, त्यामुळं हे सुचणारच. रझाकारांनी गावागावांत जे अत्याचार केले ते आपण शाळेत शिकतो, १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, आणि लावलाच पाहिजे. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्यावर सुंदरलाल समितीनं अहवाल दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं आहेत, आणि सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदूही त्यात आहेत. किती जणांना मिट्टी मिळाली असेल? या विषयावर नाटक व्हायला पाहिजे, पण मला विचाराल तर हे नाही. ज्यांनी ते दिवस बघितले ते आता पंच्याऐंशी-नव्वदीच्या पुढचे आहेत. आधी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या, दोन्ही मोहल्ल्यांतलं. नाटक नंतर. ग्रीक सांगाड्यात घाईनं कोंबलं तर त्या माणसांच्या आठवणी नुसतं नेपथ्य होऊन जातील.

मग चुडाव्यातली अँटिगनी कशी असावी? मला सुचतं ते सांगतो, फेकून दिलंत तरी चालेल.

क्रेऑन म्हणजे कब्रस्तान कमिटीचा सदर. सरकार बाहेरच ठेवा. सदर भला माणूस आहे, मुलीचा सख्खा मामा, तिच्या शिक्षणाचा खर्च त्यानं केलाय. भावानं काहीतरी केलंय ज्यामुळं दुसऱ्या कुणाचं तरी पोर गेलंय. काय केलंय ते पहिल्या अर्ध्या तासात सांगूच नका. प्रेक्षकांना आधी बहिणीबरोबर जाऊ द्या, आणि मग सांगा. हॉलमध्ये जी शांतता पडेल ती तुमची कमाई. कोरस, म्हणजे थीब्जचे बुजुर्ग, ही तर आपली जमातच आहे. क्षणात सदराच्या बाजूनं, क्षणात मुलीच्या, आणि शेवटी चहा कुणी सांगितलाय याची चौकशी. ते विनोदी झालं तर होऊ द्या.

ही कल्पना अगदीच हवेतली नाही. कुणाचं प्रेत, कुणाची माती, यावर आपल्याकडं अलीकडंच भांडणं झालीत. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोरोनानं गेलेल्या प्रत्येकाचं दहन होईल, धर्म कुठलाही असो. त्याच दिवशी ते बदलावं लागलं. मग वांद्र्याच्या कब्रस्तानांत अशा मय्यती नकोत म्हणून शेजारच्यांनी याचिका केली. २२ मे २०२०ला मुंबई उच्च न्यायालयानं ती फेटाळली आणि सांगितलं की सन्मानानं दफन होण्याचा हक्क घटनेच्या कलम २१मध्ये, जगण्याच्या हक्कातच, येतो. मेलेल्या माणसाला जगण्याच्या हक्काखाली माती मिळते, हे सोफोक्लीजला ऐकायला आवडलं असतं. त्या दिवसांत पीपीई किट घालून जी मुलं अनोळखी लोकांच्या मय्यती उचलत होती, हिंदूंनाही खांदा देत होती, त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर त्याला तालमीला बोलवा.

एक बाजू मूळ नाटकात नाही, मेलेल्याला स्वतःला काय हवं होतं. हमीद दलवाई ३ मे १९७७ला गेले. आपलं दहन करावं, कुठलाही विधी करू नये, अशी त्यांची इच्छा होती आणि चंदनवाडीत तसं झालं. त्यावरून किती वादळ उठलं ते घरातल्या थोरांना विचारा. तुमच्या पॉलिनायसीजला एखादं स्वगत द्यायचं असेल तर त्याच्या तोंडी हा प्रश्न घालता येईल. या नाटकात सोफोक्लीजनं त्याला एक वाक्यही दिलेलं नाही.

आता भीतीचं. सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्या. कटकट आहे, पण तो कागद खिशात असला की हॉलवाला आणि ठाणेदार दोघांशी बोलणं सोपं जातं. पहिला प्रयोग बाहेर करू नका. आपल्याच लोकांपुढं, मागं बसलेल्या या चाचांपुढं, मग शेजारच्या मोहल्ल्यातल्या मित्रांपुढं, मग गावापुढं. ज्यांचं पोर गेलंय त्या घराची बाजू नाटकात नीट, पूर्ण, न कापता ठेवा. मसुद्यात ते घरच नाही. त्या घरातली आई स्टेजवर आली आणि बोलली, तर तीस सेकंदांचा व्हिडिओ कापणाऱ्याला कुठून कापायचं ते सुचणार नाही. आणि ते तसंही नाटकात पाहिजेच, कारण अँटिगनीच्या समोर खरोखर कुणी उभं राहू शकत असेल तर ती आई, सदर नव्हे.

मुलींच्या आयांना एक अडचण वाटते असं ऐकलं. आपल्याकडं बायका जनाज्याबरोबर कब्रस्तानात जात नाहीत आणि नाटकातली मुलगी जाते. ते झाकू नका. इस्मिनीच्या तोंडी तोच आक्षेप घाला, आयांच्याच शब्दांत. अँटिगनीनं काय उत्तर द्यायचं ते भूमिका करणाऱ्या मुलीनं लिहावं. तुम्ही मुलांनी लिहू नये, मी तर नाहीच नाही.

राहिली शेवटची अडचण. आंधळा टायरेसिअस येऊन क्रेऑनला बजावतो, क्रेऑन हादरतो. बुजुर्ग त्याला सांगतात, आधी जा आणि मुलीला गुहेतून काढ, मग प्रेताची व्यवस्था कर. तो धावत सुटतो. आणि उलटं करतो. आधी पॉलिनायसीजकडं जातो. कुत्र्यांनी ठेवलेलं जे उरलंय ते धुतो, म्हणजे आपल्या भाषेत गुस्ल देतो, ओल्या फांद्यांवर दहन करतो, वर मातीचा उंच ढीग रचतो. सगळं नीट, विधीप्रमाणं. मग गुहेकडं जातो. तोपर्यंत अँटिगनीनं गळफास घेतलाय, थोड्या वेळानं मुलगा जातो, घरी बायको जाते. आमच्याकडं याला क्रम चुकला म्हणतात. दोन्ही कामं बरोबर, क्रम चुकीचा, सिस्टिम बसली. पण तो क्रम का चुकवतो हे सोफोक्लीज सांगत नाही. मेलेल्याचा अपराध जिवंताच्या आधी फेडावा असं वाटलं म्हणून? की भाचीच्या नजरेला नजर द्यायला जरा वेळ हवा होता म्हणून?

जो सदर करणार आहे त्यानं हे ठरवून पुढच्या रविवारी सांगावं. मी नांदेडला उतरून सकाळच्या गाडीनं येतो.